मधुमेहातील औषधसातत्य आणि सूचनेची भाषा

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा रोगी ठरवून दिलेल्या गोळ्या नियमाने का घेत नाही, याचे उत्तर सामान्यतः विस्मरण, खर्च किंवा आळस यांत शोधले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार दीर्घकालीन विकारांत औषधसातत्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे. तेव्हा ही कारणे सर्वत्र असणारच. परंतु आपल्याकडे आणखी एका कारणाचा विचार व्हावयास हवा. ते म्हणजे सूचनेची भाषा.

‘जेवणानंतर एक गोळी’ ही नित्याची सूचना घ्या. वैद्याच्या दृष्टीने येथे ‘जेवण’ म्हणजे आहार. मराठी भाषकाच्या लेखी मात्र जेवण निराळे आणि फराळ निराळा. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस आलेला वारकरी साबुदाण्याची खिचडी खातो. पण ‘जेवलात का?’ असे विचारल्यास ‘नाही, आज एकादशी’ असेच उत्तर देईल. जेवण नाही, तेव्हा जेवणानंतरची गोळीही नाही, असा तर्क त्याने केल्यास तो भाषेस धरूनच होईल. साबुदाणा पिष्टमय असल्याने रक्तातील साखर मात्र वाढतेच.

यावर ‘उपवासासही गोळी घ्यावी’ असा सरसकट उपाय सांगणे धोक्याचे होय. ग्लिमेपिराइडसारखे औषध स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवावयास लावते. ते घेऊन निराहार राहिल्यास साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका अल्प असतो. म्हणजेच गोळी कोणती आणि उपवास फराळाचा की निराहार, हे पाहूनच सूचना ठरली पाहिजे.

‘गुण येणे’ या प्रयोगाचेही असेच आहे. तापात गुण आला की औषध थांबते. मधुमेहात तहान व वारंवार होणारी लघवी कमी झाली, की गुण आला असे वाटते; परंतु येथे तो औषध चालू असल्याचा परिणाम असतो. ते सोडल्यास साखर पुन्हा वाढते, आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांची हानी पुष्कळ काळ वेदनेविना होत राहते.

म्हणून ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नास मिळणारा होकार पुरेसा मानू नये. ‘उपवास कोणते करता, त्या दिवशी काय खाता आणि गोळीचे काय करता?’ असे विचारल्यासच खरी माहिती हाती येईल.