पाणी मोजणारे शिल्प

एकदा पूर्ण झालेले शिल्प बदलू नये, अशी आपली अपेक्षा असते. अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट स्मिथसन याला मात्र बदलच हवा होता. एप्रिल १९७० मध्ये त्याने यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकच्या उत्तर भागात ‘स्पायरल जेटी’ उभारली. सहा हजार टनांहून अधिक काळा बेसॉल्ट आणि माती पाण्यात टाकून केलेला हा सुमारे ४६० मीटर लांबीचा बांध शंखाच्या वेटोळ्यासारखा आत वळत जातो. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड.

ही जागा त्याने निवडली ती पाण्याच्या लाल रंगामुळे. १९५९ मध्ये रेल्वेच्या भरावाने सरोवराचे दोन भाग झाले. मोठ्या नद्या दक्षिण भागात येतात. त्यामुळे उत्तर भाग समुद्राच्या सात-आठ पट खारट झाला. एवढ्या मिठात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांत लाल रंगद्रव्ये असतात. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात असेच क्षारप्रेमी सूक्ष्मजीव आढळले होते.

या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी येते नद्यांतून व पावसातून, आणि जाते ते वाफ होऊनच. आवक वाढली की पातळी चढते, घटली की उतरते. दोनएक वर्षांतच पाणी चढले व जेटी बुडाली. १९७३ मध्ये स्मिथसन विमान अपघातात मरण पावला. अवर्षणामुळे २००२ च्या सुमारास जेटी पुन्हा वर आली, तेव्हा तिचे काळे दगड मिठाने पांढरे झाले होते.

सरोवर उथळ असल्याने पातळी थोडी उतरली तरी काठ फार मागे सरतो. २०२२ मध्ये पातळीने नोंदींतील नीचांक गाठला. याला केवळ अवर्षण कारणीभूत नव्हते. नद्यांचे पाणी शेतीकडे व शहरांकडे वळवले गेले होते. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिकही असते आणि वारा ती वस्त्यांकडे नेतो. कलावंताचा बांध असा नकळत पाण्याच्या जमाखर्चाची मोजपट्टी ठरला.

हा जमाखर्च वर्गात सहज दाखवता येईल. दोन थाळ्यांत मिठाचे दाट द्रावण घेऊन त्यांत खडीचे तुकडे अर्धवट बुडवून ठेवावेत. एका थाळीत रोज मोजून थोडे साधे पाणी घालावे, दुसरीत घालू नये. आठवडाभर पट्टीने पातळी मोजून मुलांनी आलेख काढावा. पांढरा थर कोणत्या खडीवर आधी चढतो, तेही पाहावे. शेवटी एक प्रश्न जरूर विचारावा : दुसऱ्या थाळीची आवक कोणी थांबवली?