राक्षसांच्या पोरांचं काय करायचं?

लढाई संपली. ऑर्क नावाच्या राक्षसांची टोळी मारली गेली. वीर गुहेतल्या आतल्या खोलीत शिरतात, तर समोर ऑर्कची पोरं. ती लढत नाहीत. आता त्यांचं काय करायचं?

गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेल्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या १९७९ सालच्या साहसात, म्हणजे खेळण्यासाठी तयार लिहिलेल्या कथानकात, ही पोरं खरोखरच नोंदलेली आहेत, न लढणारी म्हणून. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ शिकणाऱ्या असंख्य मुलांचं पहिलं साहस हेच होतं. पुस्तक पोरांची संख्या सांगतं आणि थांबतं. पुढचं शाळकरी मुलांनी टेबलाभोवती बसून आपलं आपण ठरवायचं. धर्मग्रंथांनी आणि न्यायालयांनी ज्यावर डोकं शिणवलं, तो प्रश्न एक खेळ किती सहज मुलांपुढे ठेवतो, याचं मला फार नवल वाटतं. त्याहून मोठं नवल म्हणजे, या प्रश्नाशी झुंजताना खेळ रचणाऱ्यांनी काय काय शोधून काढलं.

खेळाची रीत साधी आहे. चारपाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर. तो जग उभं करतो: गाव, जंगल, राजा, राक्षस. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार उघडतो’, ‘मी त्याला सोडून देते’ असं बोलत कथा पुढे नेतात. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासे पडतात. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला, तो छोट्या शिपायांच्या युद्धखेळांतून. युद्धखेळात शिपाई मेला की उचलून बाजूला ठेवायचा. इथे त्या एका शिपायाला नाव मिळालं, भूतकाळ मिळाला, आणि नावामागोमाग जबाबदारीही आली.

नीतीसाठी पहिला उपाय केला तो वर्गवारीचा. पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून सुव्यवस्था आणि अनागोंदी यांचा झगडा घेतला गेला. १९७६ साली गायगॅक्स यांनी त्याला चांगलं-वाईट अशी दुसरी रेघ जोडली, आणि १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नऊ घरांचा तक्ता पक्का झाला. त्याला म्हणतात अलाइनमेंट. कायदा काटेकोर पाळणारा जुलमी सरदार एका घरात, तर गरिबांसाठी कायदा मोडणारी बंडखोर बाई दुसऱ्या घरात. नियम पाळणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलं एका कागदावरच्या चौकटींतून शिकली.

तक्त्यातलं सर्वांत अवघड पात्र म्हणजे पॅलॅडिन, देवाच्या नावाने लढणारा व्रतस्थ योद्धा. त्याने जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर त्याची दैवी शक्ती कायमची जायची. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताच युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, ते आपल्याला ठाऊक आहे. तोच न्याय इथे नियमपुस्तकात आला. पण दुष्कृत्य कशाला म्हणायचं? त्या पोरांना मोठी होऊन गावं जाळायला सोडणं, की आत्ताच संपवणं? दोन भले खेळाडू यावर रात्रभर भांडू शकत होते, आणि शेवटी गेम मास्टर म्हणेल ते खरं.

तक्ता माणूस कसा आहे ते सांगतो. माणूस बदलतो कसा, ते त्याला सांगता येत नाही. पुढच्या खेळांनी हात घातला तो इथेच.

१९८५ साली ग्रेग स्टॅफर्ड यांनी आर्थर राजाच्या सरदारांवर ‘पेंड्रॅगन’ रचला. त्यात स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: दयाळू-क्रूर, नम्र-गर्विष्ठ, शूर-भित्रा अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. सरदाराची दया १६ असेल तर क्रौर्य उरतं ४. शरण आलेला शत्रू समोर उभा राहिला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. १६ किंवा कमी पडलं तर सरदार दया दाखवतो, खेळाडूच्या मनात सूड असला तरीही. ठळक कृतींची खूण कागदावर राहते आणि वर्षअखेरीस, हिवाळ्यात, गुण वाढण्याची संधी मिळते. सवयीचा स्वभाव होतो आणि तोच पुढे आपला हात धरतो, हे इतक्या थोड्या अंकांत कुणी मांडल्याचं मला माहीत नाही.

१९९१ साली आलेल्या ‘व्हँपायर: द मास्करेड’मध्ये खेळाडू स्वतःच रक्तपिपासू. त्याच्या माणुसकीची पट्टी दहापासून शून्यापर्यंत. खेळाच्या पुढच्या आवृत्तीत दहावर असताना नुसता स्वार्थी विचारही मनाला टोचतो. सातवर चोरी टोचते. खाली तीनवर गेलं की ठरवून केलेल्या खुनापर्यंत काहीच टोचत नाही. शून्यावर पात्र खेळाडूच्या हातातून निघून जातं. पापाने माणूस बधिर होत जातो, आणि बधिर झालेल्याला आपण बधिर झालो हेच कळत नाही. तो उतार इथे आकड्यांत दिसतो.

व्हिन्सेंट बेकर यांच्या २००४च्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’मध्ये तरुण धर्मरक्षक गावोगाव जाऊन पाप निस्तरतात. वाद शब्दांनी सुरू होतो. हरायला लागलात तर अंगाला हात लावा, नवे फासे मिळतात. मग ठोसा, मग बंदूक. जिंकायची वाट कायम उघडी असते. कुणाला किती इजा करून जिंकायचं, एवढंच ठरवायचं. आणि गेम मास्टरने न्याय द्यायचा नाही, असं नियमच सांगतो.

हे सगळे शोध पात्राच्या मनाबद्दलचे. टेबलाभोवतीच्या जिवंत माणसांचं काय?

१९८०च्या दशकात अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’विरुद्ध मोठी भीती पसरली. खेळणारी मुलं सैतानाची पूजा करतील, जीव देतील, असं म्हटलं गेलं. तसा संबंध सिद्ध झाला नाही, तरी १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द गेले आणि त्या जीवांना पुढे नवी, बनावट नावं मिळाली. भीती चुकीच्या जागी बोट ठेवत होती. सैतानाच्या नावाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण छळाचा, बलात्काराचा, मूल गमावण्याचा प्रसंग कथेत अचानक आला आणि खेळणाऱ्यांपैकी एकीने तो खरोखर भोगलेला असला, तर? कथा सगळे मिळून, त्या क्षणी रचतात. पुस्तकासारखं पान उलटून पुढे जाता येत नाही.

रॉन एडवर्ड्‌स यांनी २००३ साली दोन गोष्टी सुचवल्या: रेषा आणि पडदा. रेषेपलीकडचं कथेत येणारच नाही. पडद्यामागचं घडेल, पण त्याचं वर्णन होणार नाही. २०१३ साली जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी ‘एक्स-कार्ड’ मांडलं. एका साध्या कार्डावर फुली काढून ते टेबलाच्या मध्यावर ठेवायचं. कुणालाही काही सोसवेनासं झालं की त्याने कार्डाला हात लावायचा. तो भाग वगळून कथा पुढे जाते, आणि का, हे सांगावं लागत नाही. ‘कन्सेंट इन गेमिंग’ या २०१९च्या पुस्तिकेत विषयांची यादीच आहे, हिरवा, पिवळा, लाल अशा खुणा करण्यासाठी. आता अनेक गट खेळ सुरू करण्याआधी एक बैठक फक्त या बोलण्यासाठी ठेवतात.

अशाने खेळ मिळमिळीत होतो, असा आक्षेप घेतला जातो. मला नेमकं उलटं वाटतं. कधीही थांबता येतं हे ठाऊक असलं, की युद्ध, विश्वासघात, पश्चात्ताप अशा काळोख्या विषयांत माणसं निर्धास्त उतरतात. ज्या टेबलावर हा भरवसा नाही, तिथे प्रत्येक जण स्वतःला जपत वरवर खेळतो.

दरम्यान, जुना तक्ताही सैल झाला. जन्मानेच दुष्ट अशी जमात असू शकते का, या प्रश्नावर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी २०२० साली ऑर्क आणि ड्राउ या जमातींना इतरांइतकंच गुंतागुंतीचं मानायचं ठरवलं. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाने २०२३च्या सुधारित आवृत्तीत अलाइनमेंट काढूनच टाकलं. त्या जागी प्रत्येक देवतेची किंवा व्रताची आज्ञा आणि निषेध आले: हे कर, हे कधीही करू नकोस. बाकीचं खेळणाऱ्याने स्वतः तोलायचं.

पन्नास वर्षांत नीती नऊ घरांच्या तक्त्यातून निघून अंकांच्या उतारावर आली आणि तिथून माणसांमधल्या बोलण्यात पोहोचली. कोणता फासा टाकायचा हे नियमांनी अचूक सांगितलं. समोरच्याला काय सोसेल, हे मात्र त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून खेळ मांडण्याआधी विचारून घ्यावं. या खेळांनी शोधलेल्या सगळ्या नियमांत मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो.