पंचवीस लिटर

पाणीटंचाईच्या इतिहासातली सगळ्यांत गाजलेली तारीख प्रत्यक्षात उगवलीच नाही. 2018 च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन महापालिकेने ‘डे झिरो’ची घोषणा केली. सहा मोठ्या धरणांचा एकत्रित साठा 13.5 टक्क्यांवर आला की घरोघरचे नळ बंद करायचे आणि सुमारे 200 केंद्रांवर रांगा लावून माणशी रोज 25 लिटर पाणी द्यायचं, असा बेत होता. एप्रिलमधली ही तारीख पुढे पुढे सरकत जुलैपर्यंत गेली, मग त्या वर्षापुरती रद्दच झाली. पाठोपाठ पाऊसही बरा झाला. शहराची पाण्याची उचल 2015 च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे 120 कोटी लिटर होती, ती तीन वर्षांत 50 कोटींच्या आसपास उतरली. तेव्हापासून ही काटकसरीची यशोगाथा म्हणून जगभर सांगितली जाते. मला ती अर्धीच वाटते. त्या वर्षी जे अरिष्ट म्हणून जाहीर झालं, ते शहरातल्या झोपडवस्त्यांत रोजचंच जगणं होतं. टंचाईला टंचाई म्हटलं गेलं ते तिने नळवाल्या घरांची कडी वाजवल्यावर.

त्या 25 लिटरचंच बघा. पुरेसं पाणी मिळण्याचा हक्क दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेत, 27 व्या कलमात लिहिलेला आहे. तो अमलात आणायचा म्हणून सरकारने कुटुंबामागे महिन्याला 6000 लिटर पाणी मोफत देण्याचं धोरण आखलं. आठ माणसांचं कुटुंब धरलं तर माणशी रोजचे बरोबर 25 लिटर होतात. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतल्या फिरी वस्तीतले रहिवासी याविरुद्ध कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने 50 लिटर मान्य केले, अपील न्यायालयाने ते 42 वर आणले आणि 2009 साली घटना न्यायालयाने सरकारचं मूळ धोरणच ग्राह्य धरलं. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला गरिबांच्या बाबतीत जो आकडा गैरवाजवी वाटला नाही, तोच नऊ वर्षांनी केपटाऊनच्या बंगलेवाल्यांपुढे आला तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांचा मथळा झाला. फरक पाण्यात नव्हता, पिणाऱ्यात होता. केपटाऊनमधल्या खायेलित्शासारख्या भागातल्या झोपडवस्त्यांत अनेक कुटुंबांत मिळून एकच सार्वजनिक नळ असतो. तिथल्या बाईला रांग म्हणजे काय हे सांगायला कुठल्या घोषणेची गरज नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा की, मुळात पाऊसच पडला नाही, त्यात विषमता कुठून आली? पाऊस पडला नाही हे खरंच आहे. 2015 ते 2017 असे सलग तीन पावसाळे कोरडे गेले. हवामानबदलामुळे अशा दुष्काळाची शक्यता सुमारे तिपटीने वाढल्याचा निष्कर्षही शास्त्रज्ञांनी काढला आहे. पण आटणारी धरणं उपसत कोण होतं? एलिसा साव्हेली आणि सहकाऱ्यांचा 2023 साली ‘नेचर सस्टेनॅबिलिटी’त आलेला अभ्यास याचं उत्तर देतो. त्यांच्या हिशेबाने श्रीमंत आणि उच्च मध्यमवर्गीय मिळून लोकसंख्येच्या 14 टक्क्यांहून कमी, पण शहरी पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा. अल्प उत्पन्न गट आणि झोपडवस्त्या मिळून लोक 62 टक्के आणि पाणी 27 टक्के. अतिश्रीमंत घराची रोजची गरज दोन हजार लिटरच्या वर जाते, कारण त्यात हिरवळ आणि पोहण्याचा तलाव येतो. गरिबाघरी ती दोनशेच्या आत असते. माणशी सरासरी काढली की ही दोन्ही घरं एकाच आकड्यात विरघळतात, आणि मग ‘आपण सगळेच फार पाणी वापरतो’ असं म्हणणं सोपं जातं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सर्वाधिक कपातही श्रीमंतांनीच केली, आणि त्यांच्या चढ्या पाणीपट्टीतूनच गरिबांचं मोफत पाणी निघत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि खरी गुंतागुंत इथेच सुरू होते. फेब्रुवारी 2018 पासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा सर्वांना सारखीच लागू झाली, पण ती मोजली जात होती महापालिकेच्या मीटरवर. ऐपत होती त्यांनी आवारात बोअर मारली, टाक्या बसवल्या आणि मीटरपासून अंग काढून घेतलं. त्यांची काटकसर काही अंशी अशी होती: धरणाचं पाणी वाचलं, भूजल उपसलं गेलं. जास्त वापरणारेच निघून गेल्यावर पालिकेचं उत्पन्न घसरलं आणि दर वाढवावे लागले. जुलै 2017 पासून तर मोफत पाणी फक्त ज्यांची गरीब म्हणून नोंद झाली त्यांच्यापुरतं उरलं. जेमतेम परवडणारा, नोंदीत न बसणारा मधला थर दोन्हीकडून चेपला गेला. शेतीचं पाणीही कापलं गेलं. केपटाऊनजवळच्या ग्रोनलँड भागातल्या शेतकरी पाणीवापर संघाने आपल्या धरणांतून 10 अब्ज लिटर शहरासाठी सोडलं, त्याचं कौतुक झालं. फळबागांतल्या ज्या हंगामी मजुरांचं काम बुडालं, त्यांचा त्याग मात्र कुणी मोजला नाही. 2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली, तेव्हाही गाडीचीच छायाचित्रं झळकली आणि मांजरा खोऱ्यातल्या उसाचा विषय मागे पडला, हे मराठी वाचकाला आठवत असेल.

मग पालिकेने करायचं काय होतं? जुलै 2018 मध्ये तिने जोडणीच्या नळाच्या जाडीनुसार स्थिर आकार लावला. वापर कितीही असो, जाड नळाला जास्त पैसे. उपनगरांत यावर ओरड झाली: पाणी वाचवलं म्हणून शिक्षा का? तक्रार अगदीच निराधार नव्हती, कारण एका नळावर तीन कुटुंबं राहणाऱ्या साध्या घरालाही तो आकार भरावा लागत होता. तरी मला तो योग्य दिशेचा वाटतो. बोअर असलेल्या घरालाही बोअर आटल्यावर धरणाचंच पाणी हवं असतं, आणि ते धरण, जलवाहिन्या नि शुद्धीकरण केंद्रं तोवर कुणाच्या तरी पैशाने चालू ठेवावी लागतात. त्याच्या जोडीला भूजलाचा उपसाही त्याच मर्यादेत मोजला असता, तर 50 लिटर सगळ्यांना खरोखर सारखे झाले असते.