टेबलाच्या अलीकडची नाडी

ऑपरेशन चालू असताना रोग्याच्या नाडीचा प्रत्येक ठोका मॉनिटरवर उमटतो. त्याच टेबलाशी रिट्रॅक्टर धरून दोन तास उभ्या असलेल्या जेआर-वनचे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचे ठोके मात्र कुणी मोजत नाही. कृष्णाकाठी शल्यचिकित्सक घडवण्याची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत वैद्यकीय मिशन उभं केलं आणि 1897 मध्ये तिथेच वैद्यकीय शाळा सुरू झाली. 1962 मध्ये मिरजेला शासकीय महाविद्यालय आलं, 1984 मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय, 2005 मध्ये सांगलीत भारती विद्यापीठाचं. आता साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय आहे. एवढ्या काळात शिकणाऱ्याचे हात तपासले गेले, त्याचा ताण नाही.

जगात ही मोजणी केव्हाच सुरू झाली होती. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेत आणि रोजच्या इतर कामांत आपल्याच पेशातल्यांचे हृदयाचे ठोके नोंदवले आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापले. 1983 मध्ये शेल्डन कोहेन यांची ताणाची प्रश्नावली आली. तिचं दहा प्रश्नांचं रूप आज जगभर वापरलं जातं. 2010 च्या सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या सोनल अरोरा आणि सहकाऱ्यांनी हृदयगती, लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक आणि प्रश्नावली या तिन्हींची सांगड घातली.

तिन्ही का लागतात, हे समजून घेण्यासारखं आहे. ठोके भीतीने वाढतात, तसे नुसतं उभं राहूनही वाढतात. कॉर्टिसोल ताणाच्या क्षणी नाही, वीस-तीस मिनिटांनी लाळेत चढतं. शिवाय ते एरवीही पहाटेनंतर वर जातं आणि रात्री उतरतं. सलग दोन रात्री जागलेल्या मुलाचं हे घड्याळच विस्कटलेलं असतं, मग त्याचा आकडा कशाशी ताडून पाहायचा? राहिली प्रश्नावली. तिचं उत्तर खरं मिळेल, पण तो कागद युनिटच्या सरांच्या टेबलावर जाणार नसेल तरच.

आणि मला वाटतं, थिएटरात मोजून अर्धंच कळेल. तिथे निदान समोर सर असतात. खरी ओढाताण बाहेर असते. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो. रक्तपेढीत माणूस धाडायचा, सीटीचा नंबर लावायचा, वॉर्डबॉय मामांना स्ट्रेचरसाठी हाक मारायची, हे सगळं जेआर-वनने एकट्याने, आणि दाराशी वीस नातेवाईक उभे. सकाळी आठला राउंड, त्याआधी सगळी ड्रेसिंग उरकलेली हवीत. या तासांतले ठोके नोंदवले, तर ते टाके घालतानाच्या ठोक्यांपेक्षा जास्त बोलतील.

कामाच्या तासांचा हिशेबही उलटाच गेला. 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला 48 तास लिहिले होते. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने सुचवलेली मर्यादा आहे 74 तास, आणि तीही आज दिलासा वाटते, याचं मला दुःख होतं. त्याच कृतिदलाच्या पाहणीत देशभरातल्या 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यांतल्या सुमारे 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं कबूल केलं. एखाद्या आजाराचं प्रमाण एवढं निघालं असतं, तर आपण गावोगाव शिबिरं लावली असती.

मोजायला आता महागडी यंत्रं लागत नाहीत. मनगटी पट्टाही ठोके आणि झोप टिपतो. गळीत हंगामातला एक महिना धरावा. सर्जरीच्या निवासी डॉक्टरांनी, ज्यांची खुशी असेल त्यांनी, तो पट्टा बांधावा. थिएटरात, वॉर्डात, कॉलच्या रात्री, आणि सुट्टी मिळाली तर सुट्टीतही. सोबत दहा प्रश्नांचा कागद, नावाशिवाय. मिरजेचे कागद कराडने उघडावेत, कराडचे मिरजेने.