थ्री-नॉट-थ्री झाली पॉइंट टू-टू

एनसीसीच्या कॅम्पात ज्यांनी फायरिंग केले आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती पहिल्यांदा आलेली रायफल जरा फसवी होती. वजन, लाकडी दस्ता, बोल्ट मागेपुढे करतानाचा खटका, सगळे अस्सल थ्री-नॉट-थ्रीचे. आत जाणारे काडतूस मात्र जेमतेम इंचभर लांबीचे, आणि चाप दाबल्यावर खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. ‘रायफल नंबर २, मार्क ४’ हे तिचे धड्यातले नाव. ही घराण्याने लढाईची रायफल, शिकवण्यासाठी मुद्दाम दुबळी केलेली. लष्करी रायफलींना असे लहान काडतुसावर आणण्याचा उद्योग सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्यामागे युद्धशास्त्र थोडे आणि काटकसर, जागेची अडचण व आपल्याकडे तर चक्क अविश्वास, अशी कारणे जास्त होती.

सुरुवात झाली ती रायफल न बदलताच. १८८०च्या दशकात ब्रिटिश सैन्याकडे मार्टिनी-हेन्री होती. तिची गोळी शेकडो यार्ड जाणार, म्हणजे सरावाला मोकळे माळरान हवे, आणि ते शहरातल्या स्वयंसेवक पलटणींना कुठून मिळणार? त्यावर ‘मॉरिस ट्यूब’ हा उपाय निघाला. रायफलीच्या नळीत एक बारीक नळी सरकवायची, त्यात छोटे काडतूस घालायचे आणि कवायतीच्या हॉलमध्येच नेमबाजी करायची. सराव संपला की ट्यूब बाहेर आणि रायफल पुन्हा युद्धाला तयार.

१८८८ साली बोल्टची ली-मेटफर्ड आली आणि तिच्याबरोबर .३०३ हे काडतूसही. लवकरच काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूने घेतली. कॉर्डाइटची आच इतकी प्रखर, की मेटफर्डने नळीत पाडलेल्या उथळ, गोलसर खाचा झपाट्याने झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये खोल खाचांची ली-एनफिल्ड स्वीकारावी लागली. जुन्या रायफलींचे बोल्ट आणि सांगाडा धडधाकट होते, नळ्या तेवढ्या बाद झाल्या होत्या. पुढच्या रूपांतरांना कच्चा माल मिळाला तो इथून.

त्यांना निमित्त मिळाले बोअर युद्धाचे. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी लांबून अचूक नेम धरून साम्राज्याच्या फौजेला घाम फोडला. आपल्या माणसांना नेमबाजी येत नाही, ही ओरड लंडनमध्ये सुरू झाली. ती सर्वांत मोठ्याने केली फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी. १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती राहिलेले हेच ते रॉबर्ट्स. १९०१ साली कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली आणि दोनच वर्षांत तिचे ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’मध्ये रूपांतर झाले. अमेरिकेत १८८७ च्या सुमारास तयार झालेले .२२ लाँग रायफल हे काडतूस या चळवळीला अगदी सोयीचे ठरले. ते स्वस्त होते, आवाज कमी करत होते आणि त्याला पंचवीस यार्डांची गल्ली पुरत होती.

लष्करानेही तेच काडतूस उचलले. डिसेंबर १९०७ मध्ये जुन्या ली-मेटफर्डपासून केलेल्या आखूड .२२ रायफलीला मंजुरी मिळाली. त्यानंतर जुन्या रायफली .२२ वर आणण्याची मालिकाच सुरू झाली.

या बदलातली कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. .३०३ च्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी ठोका लागतो. .२२ च्या काडतुसात पेट घेणारे रसायन कडेच्या गोलात भरलेले असते, म्हणून फायरिंग पिन मध्यावरून सरकून कडेवर पडायला हवी. ली पद्धतीच्या बोल्टचे डोके आट्यांवर बसवलेले, फिरवून काढता येणारे. अख्खा बोल्ट न बदलता डोके आणि पिन यांत फेरफार केला, की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे नळीचे. झिजलेल्या नळीचे भोक मोठे करून आत बारीक भोकाचे अस्तर बसवत, किंवा सरळ नवी नळी चढवत. बर्मिंगहॅमच्या ए. जी. पार्करने अस्तराच्या तंत्रात नाव कमावले. दहा गोळ्यांच्या मॅगझिनला आता काम उरले नव्हते. गोळी एकेक करून हाताने भरायची. पण मॅगझिन काढली तर रायफलीचा तोल आणि रूप बिघडणार, म्हणून आतली स्प्रिंग काढून रिकामा डबा जागेवर ठेवला. बोल्ट मागे ओढला, की रिकामी पुंगळी त्यातच पडे. फायरिंग झाल्यावर पुंगळ्या मोजून परत करायची शिस्त असतेच, तिला हा डबा आयता उपयोगी पडला.

पहिल्या महायुद्धात या दुबळ्या रायफलींनी मोठा भार उचलला. ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांच्या हाकेला ओ देऊन लाखो तरुण भरती झाले आणि त्यांना द्यायला ना पुरेशा रायफली होत्या, ना मैदाने. नेम, श्वास आणि चाप यांचे पहिले धडे .२२ वरच गिरवले गेले. १९१८ मध्ये एक अजब प्रयोगही झाला. .३०३ च्या आकाराचे पोकळ काडतूस करून त्याच्या पोटात .२२ ची गोळी बसवायची, म्हणजे मॅगझिनमधून भराभर भरण्याचाही सराव होईल. कल्पना हुशार होती, पण किचकट. शेवटी एकेक गोळी भरण्याची साधी रीतच टिकली. १९२१ मध्ये एसएमएलई (म्हणजे आखूड ली-एनफिल्ड) मार्क ३ पासून केलेली .२२ ची मार्क ४ आली आणि १९२६ च्या नव्या नामकरणात तिला ‘नंबर २’ हा क्रमांक मिळाला.

दुसरे देशही याच वाटेने गेले. अमेरिकेने स्प्रिंगफील्ड १९०३ ची .२२ आवृत्ती काढली, पुढे १९२२ मध्ये सरावासाठी वेगळीच रायफल घडवली. जर्मनीत एर्मा कंपनीने माउझरच्या नळीत बसणारा .२२ चा संच विकला.

हिंदुस्थानात मात्र या कथेला वेगळा फाटा फुटला. १८५७ नंतर हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागचे हत्यार ठेवायचे, हे धोरणच होते. कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून .३०३ बनू लागल्या. त्याच कारखान्याने पहारेकरी आणि पोलिसांसाठी .३०३ ची .४१० मस्केट केली. भोक इथे मोठे झाले, पण खाचा गेल्या, मॅगझिन गेली आणि पल्ला आखूड झाला. शिवाय हत्यार दंगलीत पळवले गेलेच, तर त्यात सैन्याचे काडतूस चालणार नाही, ही खबरदारीही होती. रायफल तीच, कारागीरही त्याच जातकुळीचे. एक फेरफार माणसाला नेमबाजी यावी म्हणून झाला, दुसरा ती फार येऊ नये म्हणून. साम्राज्याचा स्वभाव या दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या की चटकन कळतो.

नागरिकांच्या बाबतीतही हेच. लष्करी काडतूस खासगी हातात नको, या तत्त्वामुळे इशापूरने ली-एनफिल्डच्याच बोल्टवर बेतलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल विकायला काढली. शेतराखणीसाठी परवाना घेतलेल्या अनेक घरांत ती आजही आहे. स्वातंत्र्यानंतर ही चौकट फारशी बदलली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्राचे रूपांतर करायलाही परवाना लागतो. परदेशात हौशी मंडळी जुन्या माउझरवर हव्या त्या काडतुसाची नळी चढवतात, तसा छंद आपल्याकडे रुजला नाही, त्याचे कारण हे.

१९४८ मध्ये एनसीसी स्थापन झाली आणि .२२ ला शिकवण्याचे काम पुन्हा मिळाले. पुढची कित्येक दशके कॉलेजातल्या मुलामुलींनी सतरंजीवर पालथे पडून, पंचवीस यार्डांवरच्या टार्गेटवर पाच गोळ्यांचे ग्रुपिंग साधायचा प्रयत्न केला. त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा कधी बंदूक हातात धरली नाही, काहींना मात्र वाट सापडली. अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीकडे वळल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले. या दोन्ही प्रकारांतले काडतूस .२२ लाँग रायफलच. रायफली आता फार वेगळ्या झाल्या आहेत, पण लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळातल्या रायफल क्लबांमधले काडतूस टिकून आहे.

या रूपांतराने काय साधले नाही, हेही सांगायला हवे. .३०३ ची गोळी साधारण ११ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमची आणि वेग निम्म्याहून कमी. ऊर्जेत फरक वीसपटीहून जास्त. खांद्याला बसणारा दणका, कानठळ्या, तीनशे यार्डांवर गोळीला ढकलणारा वारा, यांतले काहीच पंचवीस यार्डांवर शिकता येत नाही. म्हणजे .२२ ने अर्धीच विद्या शिकवली. पण ती आधी शिकायची अर्धी होती. धक्क्याची भीती बसण्याआधी चाप हळू दाबायची सवय लागली, तर पुढची अर्धी सोपी जाते. ब्रिटनने १९५० च्या सुमारास सरावासाठीच घडवलेली ‘नंबर ८’ आणली, अलीकडे सिम्युलेटर आले. क्रम मात्र अजूनही तोच आहे.

या रायफली आता यादीतून कमी होत आहेत. दस्त्यापाशी, बोल्टच्या मागे असलेल्या लोखंडी कड्यावर त्यांची जन्मपत्रिका ठोकलेली असते. कारखाना, साल, मार्क आणि कुठे कुठे नंतरच्या बदलाची खूणही. एनसीसीच्या बटालियनांमधल्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती, की हत्यार भंगारात जाण्याआधी त्या कड्यावरची अक्षरे नोंदवहीत उतरवून ठेवा. कोणती रायफल कधी बनली आणि कधी .२२ झाली, हे सांगणारा दुसरा कागद बहुतेक ठिकाणी सापडायचा नाही.