सशांचे घर आधी, ससे मागाहून

पाळीव ससा हा दिसण्यास गोजिरवाणा, खाण्यास माफक व वाढीस जलद असल्यामुळे पुष्कळ कुटुंबांत त्याचा शिरकाव होतो. कोठे मुलांच्या हौसेखातर एक जोडी आणली जाते, कोठे परसातील जोडधंदा म्हणून एक नर व चार माद्या घेतल्या जातात. जनावरे सामान्यतः हिवाळ्यात आणली जातात. रिकामे खोके, जुने खुराडे किंवा पडवीचा कोपरा त्यांना दिला जातो आणि चार महिने सर्व सुरळीत चालते. मग एप्रिल उजाडतो. एखाद्या दुपारी मादी कुशीवर पसरून धापा टाकताना दिसते व सायंकाळपर्यंत मरून पडते. घरातील लोक रोगाची शंका घेतात, चाऱ्याला दोष देतात. पण पुष्कळदा ह्या मृत्यूचे कारण रोग नसून घर हेच असते. म्हणून ससे आणण्यापूर्वी त्यांचे घर बांधून तयार असावे, आणि ते कशासाठी बांधावयाचे हे प्रथम नीट समजून घ्यावे.

आपल्या शिवारातील रानससा व हा पाळीव ससा ह्या दोन अगदी निराळ्या जाती होत. रानससा बिळात राहत नाही. गवताच्या आडोशाला उघड्यावर त्याची मादी विते व तिची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. (रानससा पकडणे अथवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. नांगरटीत सापडलेले पिल्लू मुलांनी घरी आणल्यास ते होते तेथेच परत ठेवावयास सांगावे.) पाळीव ससा मूळचा युरोपातील असून तो बीळ खोदून राहणारा प्राणी आहे. त्याची पिल्ले उघडी-नागडी व मिटल्या डोळ्यांची जन्मतात. बिळात त्याला गारवा मिळतो, अंधार मिळतो, कोरडी जागा मिळते आणि शत्रूपासून लपावयास ठिकाण मिळते. पिंजऱ्यात घालून आपण त्याचे बीळ हिरावून घेतो. तेव्हा बिळातील ह्या गोष्टी आपल्या हाताने त्याला परत देणे भाग आहे.

ह्यांपैकी आपल्या राज्यात सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे गारवा. सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांतून व श्वासावाटे बाहेर टाकतो. पंधरा ते पंचवीस अंश सेल्सिअस तपमानात तो सुखी असतो. तिसाच्या पुढे त्याचे खाणे कमी होते, पस्तिसाच्या पुढे त्याला उष्णतेचा त्रास स्पष्टपणे जाणवतो आणि चाळिसाच्या आसपास जीव धोक्यात येतो. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो हे ध्यानात घेतले, म्हणजे तेथे पत्र्याच्या छपराखाली ससे ठेवणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. कडक उन्हाळा सोसलेला नर वरून धडधाकट दिसला, तरी त्यानंतर दीड-दोन महिने त्याच्यापासून गर्भधारणा नीट होत नाही. अशा वेळी मादीला वांझ ठरवून विकून टाकण्याची घाई करू नये.

जागा निवडताना मोठ्या झाडाची सावली असलेली, पाणी न साचणारी, थोडी उंचवट्याची जागा पाहावी. कडुनिंब किंवा आंबा पश्चिमेच्या बाजूस असल्यास उत्तम, कारण दुपारनंतरचे ऊनच अधिक घातक असते. छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब बाजूंवर ऊन कमी पडते. आढे नऊ-दहा फूट उंच असावे आणि पाख्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट पुढे काढाव्यात. शाकारणीस भाताचा पेंढा, उसाचे पाचट अथवा गवत वापरावे. पत्रा घातलाच असेल, तर त्यावर पाचटाचा जाड थर पसरून वरून जुनी जाळी बांधावी किंवा निदान उन्हाळ्याच्या तोंडी वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. शाकारलेल्या छपराला आगीचे भय असते. म्हणून चूल व हे छप्पर ह्यांत पुरेसे अंतर ठेवावे. भिंती मात्र बांधू नयेत. कमरेइतका कूड घालून वर जाळी लावावी. चारही बाजूंनी भिंती घालून सशांना चांगले घर दिले असे समजणारे पुष्कळ आहेत, पण अशा बंद खोलीत हवा कोंडते आणि मुताचा उग्र दर्प साठतो. त्या दर्पाने सशाचे नाक वाहू लागते व फुप्फुसाचा विकार जडतो. परीक्षा सोपी आहे: सकाळी खाली वाकून आपले नाक पिंजऱ्याच्या उंचीवर न्यावे. आपले डोळे चुरचुरले तर सशाचेही चुरचुरत आहेत असे समजावे.

उन्हाळ्यात उघड्या बाजूंना गोणपाटाचे पडदे सोडून ते दुपारी भिजवीत राहावे. कोरड्या हवेच्या प्रदेशात ह्या उपायाने चांगला फरक पडतो. कोकणात मात्र हवाच दमट असल्याने ओल्या गोणपाटाचा लाभ थोडा; तेथे वारा खेळता ठेवणे हाच खरा उपाय. पाणी थंड व भरपूर असावे. मोठ्या सशाला एरवी दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी लागते. पाजणाऱ्या मादीला उन्हाळ्यात एक लिटरही कमी पडते. एखादा ससा धापा टाकू लागला, तर त्याला सावलीत वाऱ्यावर घ्यावे व कान साध्या पाण्याने ओले करावेत. बादलीत बुचकळू नये. त्या धक्क्यानेच तो दगावण्याचा संभव असतो.

आता पिंजरा. प्रत्येक मोठ्या सशाला स्वतंत्र पिंजरा हवा. दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांस फाडतात आणि नर-मादी कायम एकत्र ठेवल्यास मादीला विसावा मिळत नाही. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट ह्या आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या जातींचे मोठे जनावर चार किलोच्या आसपास भरते. त्यास अडीच फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट उंच पिंजरा ही किमान मर्यादा समजावी. विणाऱ्या मादीस तीन फूट लांबी द्यावी. मुलांच्या हौसेसाठी पाळलेल्या सशाला ह्याहून मोठी जागा द्यावी आणि रोज तासभर राखणीखाली अंगणात मोकळे सोडावे. अंगोरा ही लोकरीची जात थंड डोंगराळ प्रदेशाची आहे. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही अंगोराचे काम हिमाचल प्रदेशात कुलू भागातील गडसा येथे ठेवले आहे. कोणी आपल्या भागात अंगोरा विकावयास आणल्यास त्या मोहात पडू नये.

पिंजऱ्यांची संख्या मोजताना बहुतेकांचा हिशेब चुकतो. एक नर व चार माद्या म्हणजे पाच पिंजरे, एवढेच धरले जाते. परंतु प्रत्येक मादीने सहा पिल्ले जगवली तरी चोवीस पिल्ले होतात. ती सुमारे पाच आठवड्यांची झाल्यावर आईपासून तोडावी लागतात, आणि वाढत्या पिल्लाला किमान एक चौरस फूट जागा लागते. म्हणजे तीन फूट बाय दोन फूट मापाचे आणखी चार पिंजरे आरंभीच हाताशी हवेत. ते नसले म्हणजे एकाच पिंजऱ्यात पिल्लांची दाटी होते, हगवण लागते आणि आठवड्यात निम्मी पिल्ले जातात. तीन महिन्यांच्या सुमारास नर व माद्या वेगळ्या कराव्यात, तेव्हा पुन्हा जागा लागते. पैसा कमी असेल तर माद्या दोनच घ्याव्यात, पिंजरे कमी करू नयेत.

पिंजऱ्याच्या तळाकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. सशाच्या लेंडीतून एक सूक्ष्म परजीवी बाहेर पडतो व ओलाव्यात तो रोग उत्पन्न करण्याजोगा होतो. पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीचे हे एक प्रमुख कारण आहे. लेंडी व मूत लगेच खाली पडून जाईल असा तळ असला, तर ह्या रोगाची निम्मी लढाई जिंकली. म्हणून सपाट फळीचा किंवा मातीचा तळ नको. चौदा गेजची, अर्धा इंच बाय एक इंच घराची वेल्डेड जाळी घ्यावी आणि अर्ध्या इंचावरच्या जवळजवळच्या तारा वर येतील अशी ती बसवावी, म्हणजे पायाला गुळगुळीत लागते. कोंबड्यांच्या कुंपणाची षट्कोनी पातळ जाळी तळाला कधीही वापरू नये. ती झोळीसारखी खाली येते आणि सशाचे पाय तीत अडकून मोडतात.

जाळी महाग वाटत असेल तेथे गावच्या बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचा तळ करून घेता येतो. कामट्यांची पाठ वर ठेवावी, पेरांच्या गाठी तासून घ्याव्यात आणि दोन कामट्यांत अर्धा इंच फट ठेवावी. बांबू मूत शोषून घेतो व ससे तो कुरतडतातही. तेव्हा दोन संच करून एक उन्हात वाळत असताना दुसरा वापरावा आणि वर्षभरात ते बदलावेत. जाळी असो वा कामट्या, प्रत्येक पिंजऱ्यात फूटभर लांबीची एक फळी बसण्यास ठेवावी. सतत तारेवर बसल्याने भारी जनावरांच्या मागच्या तळव्यांना जखमा होतात. ही साधी फळी त्या टाळते. ती रोज खरवडून काढावी व आलटून-पालटून उन्हात टाकावी. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून कुरतडण्यास शेवग्याची किंवा तुतीची फांदी द्यावी, नाही तर तो पिंजऱ्याची चौकट खातो.

ससा रात्री आपल्याच गुदद्वाराशी तोंड लावून मऊ लेंड्या खातो. हे पाहून काही जण घाबरतात व औषध शोधू लागतात. ही त्याची स्वाभाविक पचनक्रिया आहे. तीत काही वावगे नाही.

पिंजरा जमिनीपासून अडीच ते तीन फूट उंच असावा. खाली पडलेल्या लेंड्यांचे उत्तम खत होते. तेथे ओलावा राखून गांडुळे सोडल्यास दुर्गंधी कमी होते व परसातील भाजीपाल्याला खत मिळते. उंचीमुळे कुत्रा व मुंगूस ह्यांचा त्रास कमी होतो, पण उंदीर, घुशी व साप चढतातच. पायांना मध्यावर पत्र्याची उलटी टोपी ठोकावी. दाराला नुसता खिळा न लावता कडी लावावी, कारण बोका धक्के देऊन दार उघडतो. प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवावा व पाण्यावर थोडे तेल सोडावे. ही वाटी क्षुल्लक वाटेल, पण लाल मुंग्या एका रात्रीत नवजात पिल्लांचे अख्खे वेत मारून टाकतात. सकाळी मेलेली पिल्ले पाहून आईनेच ती मारली असा समज होतो.

मादी भरवल्यापासून सरासरी एकतीस दिवसांनी विते. अठ्ठाविसाव्या दिवशी तिच्या पिंजऱ्यात विण्याची पेटी ठेवावी. ही पेटीच तिचे बीळ होय. वीस इंच लांब, बारा इंच रुंद व बारा इंच उंच अशी लाकडी पेटी पुरते. समोरची बाजू सहा इंचांवर कापावी, म्हणजे आईला उडी मारून आत जाता येते आणि पिल्ले बाहेर येत नाहीत. हा उंबरठा अत्यंत महत्त्वाचा आहे. मांजर तोंडात धरून पिल्लू परत नेते, तशी सशाची मादी नेत नाही. आचळाला लोंबकळत बाहेर आलेले पिल्लू जाळीवर पडले, की ते तेथेच गार होऊन मरते. पेटीच्या तळाला चार-पाच बारीक छिद्रे पाडावीत व आत मऊ वाळलेले गवत भरावे. कापूस घालू नये. त्याचे धागे पिल्लांच्या पायांभोवती आवळतात. आपल्या अंगाचे केस उपटून मादी स्वतःच गादी करते. सुताराची पेटी जमली नाही तर तडा गेलेला रुंद तोंडाचा मातीचा माठ आडवा ठेवून, तोंडाशी विटेचा अडसर करून चालते. उन्हाळ्यात तो पेटीपेक्षा गार राहतो.

व्याल्यावर मादीला थोडा पाला देऊन त्या निमित्ताने पेटी तपासावी व मेलेले पिल्लू काढून टाकावे. माणसाचा हात लागल्याने आई पिल्ले टाकते ही समजूत खरी नाही, मात्र काम हलक्या हाताने व गोंगाट न करता करावे. बाहेर पडलेले पिल्लू गार लागले तरी लगेच फेकू नये. ओंजळीत किंवा उबदार फडक्यात धरल्यास पुष्कळदा ते हालचाल करू लागते. मादी दिवसातून बहुधा एकदाच, पहाटेच्या सुमारास, काही मिनिटे पाजते. तेव्हा ती दिवसभर पिल्लांजवळ दिसली नाही म्हणून चिंता नको. पिल्लांची पोटे गोल व भरलेली असली म्हणजे पुरे. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. तीन आठवड्यांनी पेटी काढून, गरम पाणी व धुण्याच्या सोड्याने धुऊन, कडक उन्हात वाळवावी.

पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूचे पडदे रात्री खाली सोडावेत, पण आढ्याजवळची वाट उघडी ठेवावी. ओला चारा पंख्याखाली अथवा पडवीत सुकवूनच द्यावा. कानांत खपल्या किंवा नाका-पायांवर खरूज दिसल्यास ते जनावर त्याच दिवशी वेगळे करून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. खरजेचा संसर्ग हाताळणाऱ्या माणसालाही होऊ शकतो. रिकामा झालेला पिंजरा फुंकणीच्या दिव्याच्या ज्योतीने तारेवरून शेकून घेतला, की जाळीला चिकटलेले केस व घाण जळून जाते. लाकडी भागाजवळ मात्र जपून.

ग्रामसेवकांनी एक गोष्ट पाहावी. सशांच्या जोड्या चढ्या भावात विकून पिल्ले परत विकत घेण्याची हमी देणारे लोक गावोगाव येतात. अशा हमीवर विसंबून मोठी छपरे बांधण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष गिऱ्हाईक आहे काय, ह्याची स्वतः चौकशी करावी आणि शेतकऱ्याला पहिले वर्ष दोन-चार माद्यांवरच काढावयास सांगावे.

घर बांधण्यास योग्य काळ फेब्रुवारीचा. छप्पर तयार झाले, की त्यात एक साधा तपमापक पिंजऱ्याच्या उंचीवर टांगावा आणि एप्रिल-मे महिन्यांत रोज दुपारी तीन वाजता आकडा वहीत टिपावा. घर रिकामे असतानाच त्याचा हा उन्हाळा पाहून घ्यावा. आकडा वारंवार पस्तिसाच्या वर जात असेल, तर छपरावर पाचट वाढवावे, सावली वाढवावी, पडदे भिजवून पुन्हा मोजावे. इतके करूनही तो उतरत नसेल, तर त्या जागी ससे आणू नयेत. उतरला, तर दिवाळीनंतर तीन-चार महिने वयाची निरोगी जनावरे आणावीत.