तारापूर ते गाझा : नागरिकांची हानी आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशानुसार देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. त्यासाठीच्या यादीत महाराष्ट्रातील मुंबई, उरण आणि तारापूर ही तीन ठिकाणे पहिल्या वर्गात होती. उमरोळी-बोईसर परिसरातील रहिवाशांना याचे कारण कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र, त्याच्या आसपासची मच्छीमारांची गावे आणि रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत हे सारे येथे एकमेकांच्या सान्निध्यात आहे. जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर इस्राएल-पॅलेस्टाईन संघर्षाचा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला : “पण सुरुवात कोणी केली?” हा प्रश्न नागरिकांच्या हानीची चर्चा मार्गी लावण्याऐवजी बहुधा ती थांबवतो. असे का होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन प्रश्नांची सरमिसळ

युद्ध न्याय्य आहे काय, हा एक प्रश्न. ते कोणत्या रीतीने लढले जात आहे, हा दुसरा. आंतरराष्ट्रीय कायद्याने हे दोन्ही प्रश्न हेतुपुरस्सर वेगळे ठेवले आहेत. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने सामूहिक शिक्षा, संरक्षित नागरिकांवरील सूडाची कारवाई आणि ओलीस धरणे यांस मनाई केली. भारताने या करारांच्या अंमलबजावणीसाठी १९६० मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : एका पक्षाने नियम मोडले म्हणून दुसरा पक्ष नागरिकांविषयीच्या आपल्या कर्तव्यातून मुक्त होत नाही. भारत व इस्राएल या दोघांनीही हा मसुदा स्वीकारलेला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तथापि नागरिक आणि लढवय्ये यांत भेद करण्याचे मूलतत्त्व रूढ कायद्याचा भाग म्हणून सर्वांवर बंधनकारक मानले जाते.

याचा व्यावहारिक अर्थ असा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास व तिच्या सहकारी गटांनी इस्राएलमध्ये सुमारे १,२०० जणांना ठार केले व २५१ जणांना ओलीस नेले. मृतांत बहुसंख्य नागरिक होते. अनेक दशकांच्या ताब्याचा व नाकेबंदीचा इतिहास सांगितल्याने या कृत्याचा दोष उणावत नाही. त्यानंतरच्या इस्राएली कारवाईत गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार जुलै २०२५ च्या अखेरीस मृतांची संख्या ६०,००० च्या वर गेली होती. ही नोंद नागरिक व लढवय्ये असा भेद करीत नाही. परंतु तिच्यात हजारो बालके आहेत. ७ ऑक्टोबरचा उल्लेख केल्याने त्या कारवाईतील प्रत्येक हल्ला आपोआप वैध ठरत नाही. उत्तरदायित्व म्हणजे दोघा भावांत वाटून घ्यावयाची जमीन नव्हे, की एकाचा हिस्सा वाढला म्हणून दुसऱ्याचा घटावा.

‘शत्रू नागरिकांच्या आड लपतो’ हा युक्तिवाद प्राध्यापक कक्षातही वारंवार ऐकू येतो. वस्ती, शाळा वा रुग्णालय यांची ढाल करणे हा निःसंशय गुन्हा आहे. मात्र त्यामुळे तेथील रहिवासी लढवय्ये ठरत नाहीत, आणि हल्ला करणाऱ्याची पूर्वदक्षतेची जबाबदारीही संपत नाही.

प्रमाणबद्धतेविषयीचा गैरसमज

सर्वाधिक गोंधळ या संज्ञेविषयी आढळतो. दोन्ही बाजूंच्या मृतांची तुलना म्हणजे प्रमाणबद्धता, असे आपले विद्यार्थीच काय, वृत्तपत्रेही गृहीत धरतात. कायदा तसे म्हणत नाही. विशिष्ट हल्ल्यापूर्वी, सेनाधिकाऱ्याला उपलब्ध असलेल्या माहितीनुसार, अपेक्षित नागरी हानी ही अपेक्षित ठोस लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी आहे काय, हा तो निकष आहे. म्हणून केवळ मोठा आकडा हा पुरावा नव्हे. तो चौकशीची निकड मात्र नक्कीच निर्माण करतो. उलटपक्षी, लहान आकडा निर्दोषत्वही सिद्ध करीत नाही. अश्दोद या इस्राएली शहरात कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल समाजाची कुटुंबे स्थायिक झाली आहेत. गाझातून त्या शहरावर अंदाधुंद डागलेले रॉकेट कोणाचाही बळी न घेता कोसळले, तरी नियमभंग झालाच.

न्यायसंस्थांची गती मंद असली तरी दिशा हीच आहे. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने एकाच दिवशी इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचे मोहम्मद दैफ यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढली. दैफ यांच्या मृत्यूची खात्री झाल्यावर त्यांच्याविरुद्धची कार्यवाही पुढे बंद झाली. तिघांवर एकाच दिवशी वॉरंट निघाल्याने तिघांना समान लेखले गेले, अशी टीका झाली. प्रस्तुत लेखकास ती पटत नाही; आरोप स्वतंत्र होते, तारीख तेवढी एक होती.

आपल्या दाराशी

भारत-पाकिस्तान संबंधांत परस्पर दोषारोपांची उणीव कधीच नव्हती. तरीही ३१ डिसेंबर १९८८ रोजी परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. तो २७ जानेवारी १९९१ पासून अमलात आला आणि १ जानेवारी १९९२ रोजी दोन्ही देशांनी आपापल्या केंद्रांच्या याद्या प्रथम एकमेकांना दिल्या. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवशी ही देवाणघेवाण होत आली आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही सैन्ये सीमेवर उभी असताना, १ जानेवारी २००२ रोजीही ती झाली. मुंबईवरील हल्ल्यात नरीमन हाऊसमधील सहा ओलिसांसह १६६ जणांचे प्राण गेले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ रोजीही याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. यापैकी कोणत्याही वर्षी कोणी आपला दोष मान्य केला नव्हता, आणि दुसऱ्याचा दोष विसरलाही नव्हता.

विद्यार्थ्यांना हे सांगितल्यावर उमरोळीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मग कारखान्यांचे काय?” प्रश्न नेमका होता. हा करार अणुकेंद्रांपुरताच आहे. औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या टाक्या, बोईसरच्या चाळी, किनाऱ्यावरील कोळीवाडे त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या संरक्षणासाठी भेदतत्त्व, पूर्वदक्षता आणि प्रमाणबद्धता हेच नियम उरतात. गाझातील निर्वासित छावणीसाठी आणि अश्दोदच्या वस्तीसाठी आहेत तेच.